प्रोग्रॅम सी वर, मेल डी वर? थंडरबर्ड, आउटलुक आणि डेटाची जागा

कळफलक

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही त्याच दिवशी. तेव्हापासून मशीन बदलणं आणि फॉरमॅट मारणं जोरात चालू आहे, आणि पाठोपाठ 'थंडरबर्ड उघडलं तर सगळं रिकामं' हा प्रश्नही. म्हणून हा धागा. मेल सॉफ्टवेअर काय कुठे ठेवतं, तिथेच का ठेवतं आणि हलवायचं तर कसं, एवढंच इथे बोलू. फक्त ब्राउझरमध्ये मेल बघणाऱ्यांनी पुढे गेलं तरी चालेल.

(पत्ते आणि फाइलींची नावं देवनागरीत देतोय. टाइप करताना अर्थातच रोमन.)

आपल्याकडे मशीन असेंबल करून देणारे एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून देतात. विंडोज बिघडलं की दुरुस्तीवाला सी साफ करतो, डी ला हात लावत नाही. 'महत्त्वाचं ते डी वर' ही सवय त्यातूनच लागलेली. सवय वाईट नाही, पण मेलच्या बाबतीत ती भलतीकडे लागू केली जाते: थंडरबर्ड इन्स्टॉल करताना जागा विचारली की लोक डी:\थंडरबर्ड देतात आणि मेलही तिथेच साठेल असं गृहीत धरतात. इन्स्टॉलर विचारतो ती जागा फक्त प्रोग्रॅमची. मेल मुकाट्याने सी वरच साठत राहते. मग सी फॉरमॅट होतो, डी वर २००-३०० एमबीचा प्रोग्रॅम सुखरूप सापडतो आणि दहा वर्षांची मेल गेलेली असते.

प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

प्रोग्रॅम: सी:\प्रोग्रॅम फाइल्स\मोझिला थंडरबर्ड. इथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते, आणि ते मुद्दामच. तुमच्या नावाने चालणारं एखादं मालवेअर थंडरबर्डची ईएक्सई बदलू शकत नाही. हे फोल्डर कधीही उडवून पुन्हा इन्स्टॉल करता येतं, त्यामुळे त्याचा बॅकअप घेण्यात अर्थ नाही. डी वर टाकलंत तर जागा वाचते थोडी आणि हे संरक्षण मात्र जातं.

डेटा: सी:\युजर्स\(तुमचं नाव)\अ‍ॅपडेटा\रोमिंग\थंडरबर्ड\प्रोफाइल्स, आणि त्याच्या आत आठ अगम्य अक्षरं, टिंब आणि 'डिफॉल्ट-रिलीज' अशा नावाचं फोल्डर. मेल, पत्तावही, फिल्टर, पासवर्ड, कॅलेंडर, सगळं यात. अ‍ॅपडेटा हे लपवलेलं फोल्डर असल्यामुळे एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. विंडोज+आर दाबून %अ‍ॅपडेटा% टाका, थेट रोमिंगमध्ये जाल.

कॅशे: अ‍ॅपडेटा\लोकल\थंडरबर्ड. पुन्हा तयार होणारा माल. बॅकअपमध्ये घेऊ नका, हलवू नका.

दुरुस्तीवाल्याला 'डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करून घ्या' एवढंच सांगितलंत तर यातली दुसरी गोष्ट हमखास राहते.

उंबरठा

वाचनखूण साठवली. प्रोफाइल्समध्ये दोन फोल्डर दिसतात, एक नुसतं 'डिफॉल्ट' आणि एक 'डिफॉल्ट-रिलीज'. खरं कोणतं?

कळफलक

बहुतेक वेळा 'डिफॉल्ट-रिलीज'. थंडरबर्ड ६८ पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं प्रोफाइल, म्हणजे डेटाचं वेगळं फोल्डर, मिळतं, म्हणून ही जोडी दिसते. पण अंदाज नको. थंडरबर्डमध्ये हेल्प → ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, तिथे 'प्रोफाइल फोल्डर' ही ओळ आणि शेजारी फोल्डर उघडायचं बटण आहे. जे उघडेल ते चालू प्रोफाइल.

आतल्या कामाच्या वस्तू सांगून ठेवतो. 'मेल' या फोल्डरमध्ये पॉप खाती (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेणारी) आणि 'लोकल फोल्डर्स'. 'आयमॅपमेल'मध्ये आयमॅप खाती (मेल सर्व्हरवरच ठेवून इथे प्रत दाखवणारी). इनबॉक्स नावाची, शेपूट नसलेली फाइल म्हणजे तुमचा अख्खा इनबॉक्स, एकाखाली एक जोडलेल्या मेलचा. तिच्या शेजारची इनबॉक्स.एमएसएफ ही नुसती अनुक्रमणिका. यादी वेडीवाकडी दिसायला लागली तर थंडरबर्ड बंद करून ती उडवा, पुन्हा बनते. मात्र शेपूट नसलेली फाइल चुकूनही उडवू नका. 'इनबॉक्स.एसबीडी' म्हणजे इनबॉक्सच्या आतले उपफोल्डर. पत्तावही अ‍ॅबुक.एस्क्यूलाइट मध्ये. पासवर्ड लॉगिन्स.जेसन आणि की४.डीबी अशा दोन फाइलींत असतात, आणि एकीशिवाय दुसरी निरुपयोगी.

बोरू

आउटलुकचं मी लिहितो, कारण तिथे गुंता जास्त आहे.

क्लासिक आउटलुकमध्ये दोन जातीच्या फाइली. ओएसटी म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची प्रत; एक्स्चेंज (कंपन्या वापरतात तो मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ ला ती असतेच, आउटलुक २०१३ पासून आयमॅपलाही. जागा अ‍ॅपडेटा\लोकल\मायक्रोसॉफ्ट\आउटलुक. पीएसटी म्हणजे पॉप खात्याची मेल किंवा हाताने केलेलं आर्काइव्ह. तिची जागा २०१० पासून डॉक्युमेंट्स\आउटलुक फाइल्स. त्याआधी तीही अ‍ॅपडेटामध्येच असायची.

ओएसटीचा बॅकअप घेऊन लोक निश्चिंत होतात. ती फाइल ज्या प्रोफाइलने बनवली त्याच्याशी बांधलेली असते. नव्या मशीनवर नेऊन उघडता येत नाही. खरी मेल सर्व्हरवर आहे, नव्या मशीनवर खातं जोडलं की नवी ओएसटी तयार होते. पण आयमॅप खात्यात एक मेख आहे. डावीकडे कॅलेंडर किंवा कॉन्टॅक्ट्सपुढे 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं लिहिलेलं दिसतं का बघा. दिसलं तर ते सर्व्हरवर कुठेच नाही, फक्त त्या ओएसटीत आहे. मशीन पुसण्याआधी फाइल → ओपन अँड एक्सपोर्ट → इम्पोर्ट/एक्सपोर्ट मधून ते पीएसटीत काढून घ्या. मेल परत येते, पत्ते येत नाहीत, असं ज्यांचं होतं त्यांचं कारण बहुधा हेच.

पीएसटीचं उलट. पॉप खातं असेल आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण काढलेली असेल, तर जगात एकच प्रत आहे, ती या फाइलीत.

याखेरीज सह्या अ‍ॅपडेटा\रोमिंग\मायक्रोसॉफ्ट\सिग्नेचर्स मध्ये, टेम्प्लेट्स रोमिंग\मायक्रोसॉफ्ट\टेम्प्लेट्स मध्ये. ही दोन फोल्डरं कोणालाच आठवत नाहीत आणि नंतर अर्धा दिवस सही पुन्हा जुळवण्यात जातो.

प्रोग्रॅमची जागा तर निवडताच येत नाही. हल्लीचं क्लिक-टू-रन ऑफिस सिस्टिम ड्राइव्हवरच बसतं, सी:\प्रोग्रॅम फाइल्स\मायक्रोसॉफ्ट ऑफिस\रूट\ऑफिस१६. डी वर टाकायच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ आहेत, त्या भानगडीत पडू नका.

अडकित्ता

कळफलक, धागा उत्तम, पण 'महत्त्वाचं ते डी वर' ही सवय वाईट नाही म्हणता, इथे जरा थांबतो. सी आणि डी एकाच डिस्कवर असतील तर डिस्क गेली की दोन्ही गेले. डी हा बॅकअप नव्हे. तो फक्त दुरुस्तीवाल्याच्या फॉरमॅटपासून बचाव आहे.

शिवाय वेग. आता बऱ्याच मशीनवर सी ही एनव्हीएमई एसएसडी आणि डी ही जुनी फिरती हार्डडिस्क असते. थंडरबर्डचा शोध ग्लोबल-मेसेजेस-डीबी.एस्क्यूलाइट या फाइलीवर चालतो, ती प्रोफाइलच्या मुळाशी असते. अख्खं प्रोफाइल हार्डडिस्कवर नेलंत की शोध आणि सुरुवात दोन्ही रखडतात. त्यापेक्षा प्रोफाइल सी वर राहू द्या आणि फक्त जुनं आर्काइव्ह डी वर न्या: अकाउंट सेटिंग्ज → लोकल फोल्डर्स → 'लोकल डिरेक्टरी' → ब्राउझ. रिकामं, फक्त त्यासाठीच बनवलेलं फोल्डर द्या. दोन खात्यांना एकच फोल्डर कधीही देऊ नका, एकाचा इनबॉक्स दुसऱ्यावर चढतो.

कळफलक

वेगाचा मुद्दा मान्य. डिस्क एकच असेल किंवा दोन्ही एसएसडी असतील तर अख्खं प्रोफाइल हलवणं मला जास्त सुटसुटीत वाटतं, कारण बॅकअप एकाच फोल्डरचा राहतो. तुमच्या पद्धतीत दोन जागा लक्षात ठेवाव्या लागतात. हलवायची कृती अशी:

१. आधी वर सांगितल्याप्रमाणे चालू प्रोफाइल कोणतं ते बघून ठेवा. मग थंडरबर्ड बंद करा आणि टास्क मॅनेजरमध्ये ते खरंच बंद झालंय याची खात्री करा. चालू असताना कॉपी केलेल्या एस्क्यूलाइट (छोट्या डेटाबेसच्या) फाइली अर्धवट असू शकतात. ताजे बदल शेजारच्या '-डब्ल्यूएएल' फाइलीत पडून असतात.

२. प्रोफाइल फोल्डर डी:\मेल\थंडरबर्ड असं काही करून तिथे कॉपी करा. कट नको, कॉपीच.

३. विंडोज+आर, मग थंडरबर्ड.ईएक्सई -पी. प्रोफाइल मॅनेजर उघडतो. 'क्रिएट प्रोफाइल', नाव द्या, 'चूज फोल्डर' दाबून नवी जागा दाखवा. ज्या फोल्डरमध्ये प्रेफ्स.जेएस दिसते तेच फोल्डर निवडायचं, त्याच्या वरचं नाही. वरचं निवडलंत तर तिथे कोरं प्रोफाइल तयार होतं आणि पुन्हा 'सगळं रिकामं'.

४. सुरू करून बघा: पत्तावही, फिल्टर, जुन्या मेलला जोडलेली एखादी फाइल उघडते का. प्रत्येक खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'लोकल डिरेक्टरी' आता डी दाखवते ना, हे वाचाच. एखादं खातं अजून सी कडे बोट दाखवत असेल तर जुनं फोल्डर उडवल्यावर ते खातं बसेल.

५. जुन्या फोल्डरचं नाव बदलून आठवडाभर ठेवा. काही अडलं नाही की मग डिलीट.

प्रोफाइल्स.आयएनआय हाताने बदलायचा मार्गही आहे. त्यात 'इजरिलेटिव्ह=०' आणि पूर्ण पत्ता द्यावा लागतो, पण ६८ नंतर त्याच फाइलीत 'इन्स्टॉल' नावाचा वेगळा विभाग असतो आणि त्यातली 'डिफॉल्ट' ही ओळही बदलावी लागते. लोक पहिली बदलतात, दुसरी विसरतात. म्हणून मॅनेजरच बरा.

आणि मॅनेजरमधलं 'डिलीट प्रोफाइल' → 'डिलीट फाइल्स' हे बटण दाखवलेल्या फोल्डरमधलं सगळं पुसतं. कोणी प्रोफाइल म्हणून डी:\मेल हेच फोल्डर दिलं असेल आणि त्यात शेजारी इतर कागदपत्रं असतील, तर तीही.

पाचवा_मजला

डी वर हलवणाऱ्यांसाठी, वर कोणी लिहिलं नाही म्हणून. सी:\युजर्स\(नाव) हे फोल्डर तुम्ही, सिस्टिम आणि अ‍ॅडमिन यांच्याशिवाय कोणी उघडू शकत नाही. डी वर तसं नसतं. तिथे मुळातच 'ऑथेंटिकेटेड युजर्स' म्हणजे त्या मशीनवर लॉगिन असलेल्या प्रत्येकाला वाचायची आणि बदलायची मुभा असते, आणि कॉपी केलेलं फोल्डर डी चे नियम घेतं. एका मशीनवर तीन लॉगिन असतील तर उरलेल्या दोघांना तुमचा इनबॉक्स नोटपॅडमध्ये वाचता येईल. लॉगिन्स.जेसन आणि की४.डीबी उचलून नेली आणि तुम्ही प्रायमरी पासवर्ड (थंडरबर्डमधले साठवलेले पासवर्ड कुलूपबंद करणारा) लावलेला नसेल, तर पासवर्डही गेले.

उपाय: फोल्डरवर उजवी कळ → प्रॉपर्टीज → सिक्युरिटी → अ‍ॅडव्हान्स्ड. आधी स्वतःचं नाव 'फुल कंट्रोल'सह घाला. मग 'डिसेबल इनहेरिटन्स' → 'कन्व्हर्ट'. मग 'ऑथेंटिकेटेड युजर्स' आणि 'युजर्स' या ओळी काढा. सिस्टिम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स राहू द्या. क्रम उलटा केलात तर स्वतःच बाहेर राहाल. डी एक्सफॅट असेल तर हा टॅबच दिसणार नाही. त्या फाइल सिस्टिमला परवानग्या माहीतच नाहीत.

उंबरठा

हे अगदी नेमकं लागू पडलं. सोसायटीच्या ऑफिसातलं एकच मशीन, सचिव, खजिनदार आणि मॅनेजर तिघे वापरतात. सोसायटीचं मेल खातं एक. तिघांना तीच मेल दिसायला हवी. प्रोफाइल डी वर ठेवून तिघांच्या लॉगिनमधून तेच दाखवलं तर?

पाचवा_मजला

नको. प्रोफाइल एका वेळी एकालाच उघडता येतं. पॅरेंट.लॉक नावाची फाइल धरून ठेवलेली असते. सचिवांनी लॉगआउट न करता 'स्विच युजर' केलं की खजिनदारांना 'थंडरबर्ड आधीच चालू आहे' असा संदेश येणार, आणि कोणीतरी ती लॉक फाइल उडवून बघणार.

खातं आयमॅपवर घ्या आणि प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये वेगळं प्रोफाइल. सी:\प्रोग्रॅम फाइल्समधला प्रोग्रॅम तिघांना एकच, डेटा ज्याचा त्याच्याकडे. विंडोजची रचनाच त्यासाठी आहे. मेल सर्व्हरवर राहते, एकाने वाचलेली दुसऱ्याला वाचलेली दिसते. जागेची चिंता असेल तर अकाउंट सेटिंग्ज → सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज मध्ये 'अलीकडच्या इतक्या दिवसांचीच मेल' ठेवता येते. मात्र एकाच कोणाच्या तरी प्रोफाइलमध्ये पूर्ण प्रत राहू द्या आणि बॅकअप तिचा घ्या. आयमॅपवर एकाने चुकून फोल्डर उडवलं तर ते तिघांकडून उडतं.

दीपमाळ

लिनक्सवाल्यांसाठी. प्रोग्रॅम बहुतेक /यूएसआर/लिब/थंडरबर्ड, डेटा घरच्या फोल्डरात .थंडरबर्ड (सुरुवातीला टिंब, म्हणून लपलेलं), कॅशे .कॅशे/थंडरबर्ड. इथवर सोपं.

उबंटू २४.०४ पासून थंडरबर्ड मुळात स्नॅप (उबंटूचं स्वतंत्र डबाबंद पॅकेज) म्हणून येतं. त्याचा डेटा स्नॅप/थंडरबर्ड/कॉमन/.थंडरबर्ड इथे. फ्लॅटपॅक (तसंच दुसऱ्या प्रकारचं पॅकेज) असेल तर .व्हार/अ‍ॅप च्या आत. म्हणजे एकाच मशीनवर तीन प्रकारे बसवलेलं थंडरबर्ड तीन वेगळ्या जागी बघतं. रिकामी खिडकी दिसली की मेल गेली असं नाही, प्रोग्रॅम भलतं कपाट उघडतोय. आणि 'स्नॅप रिमूव्ह' ला '--पर्ज' जोडू नका, त्याने डेटा स्नॅपशॉटशिवाय साफ होतो.

एव्होल्युशन डेटा .लोकल/शेअर/एव्होल्युशन, सेटिंग .कॉन्फिग/एव्होल्युशन आणि आयमॅपची प्रत .कॅशे/एव्होल्युशन असं वाटून ठेवतं. एक्सडीजीच्या (लिनक्सवर कोणत्या फाइली कुठे ठेवायच्या त्या संकेताच्या) नियमाप्रमाणे हे बरोबर आहे, पण तीन ठिकाणी हात घालण्यापेक्षा त्याच्याच फाइल मेनूतला बॅकअप वापरा, एकच टार फाइल मिळते.

ड्युअल बूट करून (एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम ठेवून) विंडोज आणि लिनक्सला एकच प्रोफाइल देणारे आहेत. चालतं, पण दोन्हीकडे आवृत्ती एकच हवी. नव्या आवृत्तीने उघडलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती घेत नाही. आणि विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर तो भाग अर्धवट झोपलेला असतो आणि लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही.

अडकित्ता

मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून थंडरबर्ड घेणाऱ्यांनाही डेटा भलत्या जागी असण्याचा आणि साफ होण्याचा हाच धोका. स्टोअरची आवृत्ती प्रोग्रॅम फाइल्स\विंडोजअ‍ॅप्स मध्ये बसते आणि तिचा अ‍ॅपडेटा खरं तर अ‍ॅपडेटा\लोकल\पॅकेजेस च्या आत स्वतंत्र कप्प्यात जातो. साध्या इन्स्टॉलरवाल्या थंडरबर्डमध्ये अनइन्स्टॉल केलं तरी प्रोफाइल मागे राहतं. स्टोअरच्या आवृत्तीत अनइन्स्टॉलबरोबर कप्पाही जातो. 'जरा काढून पुन्हा टाकून बघ' हा आपला राष्ट्रीय उपाय तिथे करू नका.

बोरू

वनड्राइव्हबद्दल लिहायचं राहिलं होतं. विंडोज ११ नवीन मशीनवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वनड्राइव्हमध्ये टाकायला आग्रह करतं, लोक 'नेक्स्ट' दाबतात. पीएसटी डॉक्युमेंट्समध्ये, म्हणजे ती आपोआप वनड्राइव्हमध्ये. आउटलुक नुसतं उघडलं तरी पीएसटीत बदल होतो, मग १५ जीबीची फाइल दिवसभर सिंकच्या रांगेत. आउटलुकने ती धरून ठेवलेली असते, म्हणून सिंक अडतं. दोन मशीनवर तीच उघडली तर 'कॉन्फ्लिक्ट' म्हणून दुसरी प्रत. पीएसटी वनड्राइव्हमधून बाहेर कशी काढायची याची कृती मायक्रोसॉफ्टनेच दिलेली आहे, यावरून समजा.

बाहेर काढायचं तर: फाइल → अकाउंट सेटिंग्ज → डेटा फाइल्स, ओळ निवडून 'ओपन फाइल लोकेशन'. आउटलुक बंद करा. पीएसटी डी:\आउटलुक किंवा सी:\युजर्स\(नाव)\आउटलुक अशा सिंक नसलेल्या जागी हलवा. आउटलुक उघडल्यावर फाइल सापडत नाही म्हणेल, ओके करून नवी जागा दाखवा. मग त्याच अकाउंट सेटिंग्जमध्ये ईमेल टॅबवर पॉप खातं निवडून खाली 'चेंज फोल्डर' हे नव्या फाइलीकडे आहे का तपासा. नाहीतर जुनी मेल नव्या जागी आणि येणारी मेल तिसरीकडेच.

ओएसटी अशी उचलून हलवता येत नाही. ती सी वर नकोच असेल तर खातं जोडण्याआधी रजिस्ट्रीत फोर्सओएसटीपाथ ही किंमत ठेवावी लागते. नंतर ठेवली तर जुन्या खात्याला लागू होत नाही.

आकाराबद्दलही. २०१० पासून पीएसटी-ओएसटीची मूळ मर्यादा ५० जीबी, २००७ मध्ये २० होती, २००२ आणि त्याआधीच्या फाइलींची २ जीबी. रजिस्ट्रीतून वाढवता येते, पण वाढवण्याऐवजी वर्षवार पीएसटी करा. स्कॅनपीएसटी.ईएक्सई (पीएसटी दुरुस्त करणारा आउटलुकचा प्रोग्रॅम) चालवायची वेळ आली तर लहान फाइल लवकर दुरुस्त होते आणि बिघडते तेव्हा एकच वर्ष बिघडतं.

उंबरठा

मग गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये थंडरबर्डचं प्रोफाइल? म्हणजे आपोआप बॅकअप.

कळफलक

तेच दुखणं. थंडरबर्ड चालू असताना दहा-पंधरा फाइली एकमेकींशी सुसंगत राहून बदलत असतात. सिंक करणारा प्रोग्रॅम एकेक फाइल स्वतःच्या वेळेला उचलतो. इनबॉक्स दुपारची आणि इनबॉक्स.एमएसएफ सकाळची, अशी प्रत वर जाते. एमएसएफ तरी पुन्हा बनेल. पत्तावहीची एस्क्यूलाइट तशी गेली तर बनणार नाही. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नाही: इथे बिघडलं की दोन मिनिटांत वरही बिघडतं.

प्रोफाइल बंद असताना झिप करून ती झिप गूगल ड्राइव्हमध्ये टाका, त्याला हरकत नाही. टूल्स → एक्सपोर्ट मध्येही झिप मिळते, पण ती २ जीबीपर्यंतच. त्याहून मोठं प्रोफाइल हातानेच कॉपी करायचं.

पाचवा_मजला

ऑफिसातल्या सर्व्हरवर प्रोफाइल ठेवायचं का, हा प्रश्न येण्याआधीच उत्तर: नाही. मायक्रोसॉफ्ट नेटवर्क शेअरवरची पीएसटी अधिकृतपणे चालवून घेत नाही. एस्क्यूलाइट बनवणारेही नेटवर्क फाइल सिस्टिमवरच्या लॉकिंगवर विसंबू नका म्हणतात. नेटवर्कची वायर क्षणभर सुटली तरी लिहिणं मधेच तुटतं.

यातूनच थंडरबर्डवरची माझी एक जुनी तक्रार. सगळी मेल रोमिंगमध्ये ठेवणं चूक आहे. रोमिंगचा अर्थ, डोमेनवर (ऑफिसच्या एका सर्व्हरशी जोडलेल्या मशीनवर) विंडोजचं रोमिंग प्रोफाइल चालू असेल तर लॉगिन-लॉगआउटला हे सगळं सर्व्हरवर ये-जा करतं. सेटिंग रोमिंगमध्ये आणि मेल लोकलमध्ये असायला हवी होती. आउटलुकची ओएसटी लोकलमध्ये आहे ती याचसाठी. ८ जीबीचं थंडरबर्ड प्रोफाइल असलेला माणूस सकाळी लॉगिन करून चहा पिऊन आला तरी 'वेलकम' फिरत असतं.

तुमच्या ऑफिसात असं असेल तर ग्रुप पॉलिसीत 'एक्स्क्लूड डिरेक्टरीज इन रोमिंग प्रोफाइल' मध्ये अ‍ॅपडेटा\रोमिंग\थंडरबर्ड घाला. फोल्डर रिडायरेक्शन लावून रोमिंगच सर्व्हरवर नेलं असेल तर ते आणखी वाईट, कारण मग प्रोफाइल नेटवर्कवरच जिवंत चालतं. तिथे प्रोफाइल लोकल डिस्कवर आणणं हाच उपाय.

कळफलक

चूक म्हणणार नाही मी. थंडरबर्डमध्ये सेटिंग आणि मेल एकमेकांशी घट्ट बांधलेले आहेत, फिल्टरची फाइल खात्याच्या फोल्डरात, पॉपची नोंद (पॉपस्टेट.डॅट) तिथेच. दोन जागी वाटले असते तर हलवताना लोकांनी अर्धंच हलवलं असतं. पॉपस्टेट.डॅट हरवली की काय होतं माहीत आहे ना, सर्व्हरवर ठेवलेली सगळी मेल पुन्हा उतरते, दुप्पट. घरगुती वापरात एकच फोल्डर असणं हाच मोठा फायदा. रोमिंग प्रोफाइल असलेल्या ऑफिसात तुमचं म्हणणं बरोबर.

पाचवा_मजला

ठीक, इथे असहमतीवर सहमत.

दीपमाळ

प्रोग्रॅमच्याच फोल्डरात डेटा ठेवायची जुनी पद्धत आठवली. युडोरा या मेल प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्या सी:\प्रोग्रॅम फाइल्स\क्वालकॉम\युडोरा मध्येच मेल ठेवायच्या. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि तिथे लिहिणं बंद झालं. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून विंडोजने ते लिखाण गुपचूप अ‍ॅपडेटा\लोकल\व्हर्च्युअलस्टोअर मध्ये वळवलं. म्हणून एकाच फाइलीच्या दोन प्रती, आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं की वेगळीच मेल दिसायची. आजही कोणाच्या जुन्या डिस्कमधून युडोराची मेल काढायची असेल तर व्हर्च्युअलस्टोअर बघायला विसरू नका. नवी मेल तिथे असते.

अडकित्ता

एक व्यवहारातली गोष्ट. आउटलुकमध्ये मेलला जोडलेली वर्ड फाइल थेट उघडायची, तासभर दुरुस्त्या करायच्या, कंट्रोल+एस, बंद. ती फाइल गेली कुठे? अ‍ॅपडेटा\लोकल\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\आयनेटकॅशे\कंटेंट.आउटलुक च्या आत, विचित्र नावाच्या फोल्डरात. कॅशे आहे, कधीही साफ होऊ शकतं. मेलमधली फाइल तशीच जुनी. आधी 'सेव्ह अ‍ॅज', मग काम. सामायिक मशीनवर उलटी बाजूही आहे: उघडून बघितलेली बँक स्टेटमेंट तिथे पडून राहिलेली असू शकतात.

उंबरठा

शेवटचा प्रश्न. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह आहे. त्यावर प्रोफाइल कॉपी होताना इनबॉक्सवर येऊन थांबतं, 'फाइल टू लार्ज'. जागा तर भरपूर आहे.

अडकित्ता

पेन ड्राइव्ह फॅट३२ आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, आणि थंडरबर्डचा इनबॉक्स ही एकच फाइल असते. पेन ड्राइव्हवरचं इतर काही काढून घेऊन तो एनटीएफएस किंवा एक्सफॅट फॉरमॅट करा.

त्याआधी इनबॉक्सवर उजवी कळ → कॉम्पॅक्ट. डिलीट केलेली मेल त्या फाइलीतून लगेच जात नाही, नुसती खूण होते. कॉम्पॅक्ट केल्यावरच जागा सुटते. मात्र कॉम्पॅक्ट करताना फाइल नव्याने लिहिली जाते, तेव्हा डिस्कवर निदान तेवढीच मोकळी जागा हवी. मधेच थांबलं तर 'एनएसटीएमपी' नावाच्या उरलेल्या फाइली दिसतील. मेल शाबूत आहे हे बघितल्यावर, थंडरबर्ड बंद असताना, त्या उडवायला हरकत नाही.

अँटिव्हायरसही बघून घ्या. इनबॉक्समधल्या एका मेलमध्ये त्याला काही सापडलं तर काही अँटिव्हायरस अख्खी इनबॉक्स फाइलच उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतात. सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी मध्ये येणारी मेल एकेक करून तपासू देण्याची खूण आहे, ती लावा, आणि प्रोफाइल फोल्डर अँटिव्हायरसच्या अपवादांत टाका.

पाचवा_मजला

आणि रोबोकॉपीने (विंडोजची फोल्डर कॉपी करायची कमांड) नेमाने बॅकअप लावणार असाल तर /एमआयआर जपून. तो मूळ फोल्डरची हुबेहूब नक्कल करतो, म्हणजे मूळ रिकामं झालं तर बॅकअपही रिकामा. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी तीन फोल्डरं करा आणि त्या त्या दिवशी त्या त्या फोल्डरवर चालवा. बिघाड लक्षात यायला दोन दिवस लागले तरी एक चांगली प्रत हातात राहते.

उंबरठा

एक्सफॅट केला, कॉम्पॅक्ट केलं, इनबॉक्स ६.१ वरून २.४ जीबी. कॉपी झाली. उघडून तपासायला त्याच पेन ड्राइव्हवरून थंडरबर्ड चालवलं तर चालेल का?

कळफलक

तपासायला चालेल, वापरायला नाही. थंडरबर्ड.ईएक्सई -प्रोफाइल आणि पुढे अवतरणचिन्हांत पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता. आधी नेट बंद करा, नाहीतर पॉप खातं नवी मेल पेन ड्राइव्हवरच उतरवून घेईल आणि ती मूळ प्रोफाइलमध्ये कधीच येणार नाही. फक्त वाचून बघायचंय, म्हणून तपासण्यासाठी त्या प्रतीची आणखी एक कॉपी करून ती उघडलीत तर उत्तम.